गोल डोक्याचं माप

शिंप्याच्या मुलीचं पाळण्यातलं नाव काहीही असो, हाक मारायचं नाव बापाने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. दवाखान्यात नर्सने बाळ हातात दिलं तेव्हा त्याने त्या गोल, इवल्याशा तोंडाकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "अरेच्चा, हे तर बटण!" झालं. दाखल्यावरचं नाव दाखल्यावरच राहिलं. घरात, गल्लीत, दुकानात ती बटणच. पुढे ती उंचीने आईच्या वर गेली, बारावी झाली, तरी बायका दुकानाच्या पायरीवरून विचारायच्या, "बटण आहे का हो?" आणि एखादं नवं गिऱ्हाईक उभं असलं तर ते दचकून स्वतःच्या शर्टाकडे बघायचं.

घर मागे दोन खोल्यांचं, पुढे दुकान. दुकानात रस्त्याकडे तोंड करून दोन शिलाई मशिनं, भिंतीला लागून लांबलचक कटिंगचं टेबल आणि एक आरसा. आरशात गिऱ्हाइकाला कमरेच्या वरचंच दिसायचं. पँटच्या तक्रारी नकोत म्हणून तो मुद्दाम उंच लावलाय, असं बटणची आई म्हणायची. टेबलाखाली चिंध्यांचा ढीग होता आणि त्या ढिगावर बटण वाढली. बाकीच्या पोरांच्या हातात खुळखुळा, हिच्या गळ्यात टेप. तिसऱ्या वर्षी तिने दुकानात झोपलेल्या मांजराच्या शेपटीचं माप घेतलं. मांजराने ते घेऊ दिलं, हे विशेष. पाचव्या वर्षी बाहुलीचे केस कापले आणि बाहुली टकली झाली तेव्हा चिंधीची टोपी शिवून तिच्या डोक्यावर चढवली. बापाला त्या टोपीचं इतकं कौतुक, की टक्कल कशाने पडलं हे विचारायचं राहूनच गेलं.

नवव्या वर्षी मात्र प्रकरण गल्लीत गाजलं. शेजारी जुळ्या बहिणी होत्या, अगदी एका साच्यातल्या. बटणने दोघींना मागच्या दारी स्टुलावर बसवून कपाळावरची झुलपं कापली. एकीची भुवईपर्यंत आली, दुसरीची अर्ध्या कपाळावरच थांबली. त्यांची आई तावातावाने भांडायला आली. आली तशी बराच वेळ भांडलीही. पण पुढच्याच महिन्यात तिने दोघींना स्वतःहून पाठवून दिलं. म्हणाली, "तशीच काप गं बाई, एक आखूड, एक लांब. कुणाची आंघोळ झालीय आणि कुणाची राहिलीय, ते पहिल्यांदाच कळायला लागलंय."

तेव्हापासून दर रविवारी मागच्या दारी स्टूल आणि फाटकी चादर मांडलेली असायची. आणि बटणने मनाशी पक्कं केलं होतं, आपण सलून काढायचं. दोन खुर्च्यांचं का होईना, पण आरसा असा हवा की बाईला डोक्यापासून चपलेपर्यंत दिसलं पाहिजे.

बारावीचा निकाल लागला आणि कटिंगच्या टेबलावर दोन फॉर्म येऊन पडले. एक ब्यूटी स्कूलचा, त्याच्यावर खडूचा डबा. दुसरा कॉलेजचा, त्याच्यावर बापाने इस्त्री ठेवली होती, उडून जाऊ नये म्हणून. इस्त्री गार होती हे नशीब.

बापाचं म्हणणं सरळ होतं. "शाळा कशासाठी असते? जे येत नाही ते शिकायला. कापणं तुला येतं. माझ्या हाताखाली तयार झालीस तू. आता जे येत नाही ते शीक. कॉलेजात जा."

"पण बाबा, मला सलून काढायचंय. त्याला केस कापता यायला हवेत."

"येतात की! कापड काय आणि केस काय, कात्रीला काय कळतंय? सलून काढायचंच ना? काढ. पण चार माणसांशी बोलायचं कसं, कागदपत्रं वाचायची कशी, औषधं कुठली, रंग कुठले, हे शिकून मग काढ."

हे बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं, आणि बटणला राग त्याचाच यायचा. त्यातून बाप सातवी शिकलेला. गावातल्या कॉलेजच्या पदवीच्या समारंभाला लागणारे काळे गाऊन वीस वर्षं त्याने शिवले होते. किती डॉक्टर आणि किती वकील त्याच्या टेपाखालून गेले होते, पण समारंभ काही त्याने पाहिला नव्हता. गाऊन पोचवायचा तो आदल्या दिवशी, मागच्या दाराने.

घरात कॉलेज पाहिलेला माणूस एकच, बटणचा मामा. त्याने ते सात वर्षं पाहिलं. पदवी काही मिळाली नाही, पण कॉलेजच्या विषयात त्याच्या शब्दाला वजन होतं. तो खास सल्ला द्यायला आला आणि मशीनच्या स्टुलावर मांडी घालून बसला.

"मामा, कॉलेजात नेमकं शिकवतात काय?" बटणने विचारलं.

"शिकवतात गं बरंच. पुष्कळ शिकवतात. माझा त्या वेळी नेमका तास नसायचा."

आई एवढा वेळ काजं करत होती. तिची सुई ओठांत असेपर्यंत घरात वाटेल ते बोलता येई. सुई बाहेर आली की सगळे गप्प. आईने सुई काढली.

"शुक्रवारी ब्यूटी स्कूलची चाचणी आहे. दोन्हीकडचा प्रवेश शनिवारी बाराला बंद होतो. पोरीला चाचणी देऊ दे. मग वन्सं म्हणतील ते." आणि सुई परत ओठांत.

वन्सं म्हणजे बटणची आत्या, बापाची थोरली बहीण. बापाला तिने लहानाचं मोठं केलेलं. टेलिफोनच्या ऑफिसात तीस वर्षं काढली होती, त्यामुळे ती शेजारच्या खोलीतही लांबच्या गावी ऐकू जाईल अशी बोलायची. तिच्यापुढे बाप आजही मान वर करून बोलत नसे. आणि गंमत अशी, की चाचणीला प्रत्येक मुलीने स्वतःचं एक डोकं आणायचं होतं. म्हणजे जिचे केस कापायचे अशी कुणीतरी बाई. आईला गिऱ्हाइकाच्या पँटांच्या पायपट्ट्या दुमडून शिवायच्या होत्या. जुळ्यांची परीक्षा होती. मामा एका पायावर तयार होता, पण केस निदान खांद्याच्या खाली हवेत अशी अट होती आणि मामाचे कानाच्या वरसुद्धा नव्हते.

"मी येते," आत्या म्हणाली.

घरात मशीन थांबलं. आत्याचे केस कमरेपर्यंत, करडे, लाटांसारखे. चाळीस वर्षांत त्यांना कात्री लागलेली नव्हती.

"नीट कापलेस," आत्या म्हणाली, "तर तुझ्या बापाला मी सांगते, ब्यूटी स्कूलमध्ये घाल म्हणून. तो माझ्या शब्दाबाहेर नाही."

"आणि बिघडले तर?"

"तर तुझ्याबरोबर कॉलेजात येते आणि तीन वर्षं तुझ्याच बाकावर बसते."

यापेक्षा नापास होणं परवडलं असतं.

शुक्रवारी दोघी गेल्या. लांब खोली, दहा खुर्च्या, दहा आरसे, एका बाजूला बेसिन आणि वर फळीवर ओळीने मांडलेली नुसती डोकी. सराव करायची ती डोकी, प्लास्टिकची, केसांसकट. आत्याने वर बघितलं आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं विचारलं, "ही ज्यांनी आणली होती त्या मुली नापास झाल्या वाटतं?"

चाचणी घ्यायला शाळेच्या मोठ्या बाई स्वतः होत्या. बारीक चणीच्या, स्वतःचे केस बोटाच्या पेराएवढे. त्यांनी सांगितलं, अर्धा तास वेळ, केस खांद्याशी सरळ रेषेत कापायचे, बाकी काही करायचं नाही.

बटणच्या मनात आलं, एवढंच? अहो, हे तर पायजम्याहून सोपं!

आत्याचा चष्मा काढून तिने पर्समध्ये ठेवला. शेजारच्या मुली केसांचे भाग पाडून त्यांना चिमटे लावत बसल्या होत्या. ह्यांचा कसा वेळ चाललाय, असं वाटून बटणला त्यांची कीव आली. तिने पिशवीतून टेप काढला. मानेपासून खांद्यापर्यंत माप घेतलं. अंगावरच्या चादरीवर खडूने रेघ मारली. सुती कापड कापण्याआधी भिजवतात तसे केस चिंब भिजवले. आणि मग तिने तेच केलं, जे बापाला हजारदा करताना पाहिलं होतं. शिंपी दोन बाह्या कधी वेगवेगळ्या कापत नाही. कापडाची घडी घालतो, एकावर एक बाजू आणतो आणि एकाच कापात दोन्ही काढतो. म्हणून तर दोन्ही बाह्या दोऱ्याचाही फरक न पडता सारख्या निघतात. बटणने आत्याचे डावीकडचे सगळे केस डोक्यावरून उजवीकडे आणले, उजवीकडच्या केसांवर बसवले, घडी नीट केली, दोन टाचण्या मारल्या आणि बापाची मोठी कात्री खडूच्या रेघेवर चालवली. कर्रर्र. एक काप. नऊ मिनिटांत काम खलास.

शेजारची मुलगी आ वासून बघत राहिली. बटणने केस झाडून गोळा केले, टेप गळ्यात अडकवला आणि ड्रायर सुरू केला.

केस सुकायला लागले तसे आपापल्या घरी परतले. उजवीकडचे उजवीकडेच होते. त्यांना कुठे जायचं नव्हतं, ते सुकले आणि लाटा वळवून टुणकन कानाच्या पाळीशी जाऊन बसले. डावीकडचे अख्खं डोकं ओलांडून परत डावीकडे गेले आणि खांद्याच्या खाली चांगले चार बोटं लोंबू लागले.

बटणचा ड्रायर चालू राहिला. तो बंद केला की पुढे काहीतरी बोलावं लागणार होतं.

"किती मोकळं वाटतंय गं!" आत्या डोळे मिचकावत आरशातल्या धुक्याकडे बघून म्हणाली. "चाळीस वर्षांचं ओझं उतरलं बघ. मी सांगतेच आता तुझ्या बापाला. पोरीचा हात काय हलका आहे!"

मोठ्या बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी उजवीकडून पाहिलं. मग डावीकडून. मग बराच वेळ मागून.

"कुणी शिकवलं हे?"

"बाबांनी."

"ते कुठल्या सलूनमध्ये असतात?"

"ते शर्ट शिवतात."

बाईंनी ओठ घट्ट मिटले. पण मिटलेल्या ओठांतूनसुद्धा हसू फुटत होतं.

"मॅडम, मी उसवून पुन्हा..." बटण सवयीने बोलून गेली आणि तिथेच थांबली. दुकानात प्रत्येक चुकीला उपाय होता. शिवणीच्या आत बाप दीड बोट माया सोडायचा, म्हणजे जास्तीचं कापड. गिऱ्हाईक जाड झालं तर उसवायचं आणि वाढवायचं. इथे उसवायला काही नव्हतं. आत्याचे चाळीस वर्षांचे केस फरशीवर होते आणि एक मुलगी ते केरसुणीने लोटत होती.

आत्याला दिसत नव्हतं. "छान झालंय" म्हणावं, स्कार्फ बांधावा, घरी पोचल्या पोचल्या आत्या बापाला सांगूनही मोकळी होईल. हा विचार बटणच्या डोक्यात आला आणि चांगला ऐसपैस बसला. मग तिने पर्स उघडली.

"आत्या, चष्मा घाल. मी बिघडवलंय."

आत्याने चष्मा घातला. उजवीकडे चष्म्याची काडी कानावर स्पष्ट दिसली, डावीकडची केसांत कुठे गेली ते कळलं नाही. खोलीतले बाकीचे ड्रायर एकेक करून बंद झाले. टेलिफोनच्या ऑफिसात तीस वर्षं काढलेली बाई पहिल्यांदाच निःशब्द झाली होती.

"मुली," मोठ्या बाई म्हणाल्या, "कापड टेबलावर पसरतं. डोकं पसरत नाही. गोल असतं. इथे या चाचणीत कुणी नापास होत नाही, कुणाला कुठल्या वर्गात बसवायचं तेवढंच ठरतं. तू अगदी पहिल्या वर्गात. बाकीच्यांना एक वर्ष, तुला दीड. आणि पहिले दोन महिने कात्रीला हात लावायचा नाही. नुसता कंगवा." मग आत्याकडे वळून, "बसा ताई, मी सारखे करून देते. दहा मिनिटांत होतील."

"हात लावायचा नाही!" आत्याचा आवाज परत आला होता, सगळाच्या सगळा. "हे असेच राहू देत. मला माझ्या भावाला दाखवायचेत."

आणि ती तशीच बसमधून घरी आली. खिडकीकडे उजवी बाजू, आत डावी. समोरच्या बाकावरचा माणूस दोन थांबे आधीच उतरून गेला.

दुकानात बाप कॉलर कापत होता. त्याने बहिणीकडे पाहिलं, कात्री खाली ठेवली आणि टेप लावला. उजवीकडे साडेचार इंच. डावीकडे अकरा.

"घडी घालून कापलंस," तो म्हणाला.

"हो."

"ओले?"

"हो, बाबा."

"एका कापात?"

बटणने मान हलवली. बाप थोडा वेळ टोकांकडे बघत राहिला. "कापणी मात्र सरळ आहे हो," तो हळूच म्हणाला.

"सरळ आहे!" आत्या कडाडली. "सरळ आहे, पण माझ्या डोक्यावर वाकडी आहे!"

त्या संध्याकाळी बटणने खडूचा डबा बाजूला सारला आणि इस्त्रीखालचा फॉर्म काढून भरला. सही, तारीख, सगळं. शनिवारी सकाळी मामा ते ऐकून धावत आला. "शाब्बास! मी तुला सगळं दाखवीन. कुठल्या झाडाखाली ऊन येत नाही तेसुद्धा."

बाप मशीनवर बसला होता. पाय पॅडलवर होते, पण मशीन काही चालत नव्हतं. जे त्याला इतकी वर्षं हवं होतं ते समोर टेबलावर होतं, निळ्या शाईत.

"का जातेस?" त्याने विचारलं.

"तुम्हालाच हवं होतं ना?"

"मला होतं. तुला काल सकाळपर्यंत नको होतं. मध्ये काय झालं?"

बटण चिंध्यांच्या ढिगाकडे बघत राहिली. "तिथे सगळ्यांनी बघितलं, बाबा. दहा आरशांत."

आत्या दाराशी येऊन उभी होती. डोक्याला स्कार्फ होता, पण एका बाजूने केस बाहेर आलेच होते. बटण कुठे जाणार याचा निकाल लागेपर्यंत ती केसांना कुणाला हात लावू देणार नव्हती. ती म्हणाली, "सांग की तिला कोटाचं."

बापाचे कान लाल झाले. "ताई, ते आता कशाला?"

"सांगतोस की मी सांगू?"

"सांगतो." त्याने घसा खाकरला. "मी सोळा वर्षांचा होतो. शिवणकाम शिकवणाऱ्या मास्तरांकडे पहिला कोट कापला. लोकरीचा, भारी कापडाचा. दोन्ही बाह्या डाव्या कापल्या."

मामा खोकला. आईने सुई ओठांतच ठेवली, पण ती हलत होती.

"मग?" बटणने विचारलं.

"मग काय, तीन दिवस घराबाहेर पडलो नाही. म्हटलं, जातो गोदामात हमाली करायला. तिथे बाह्या नसतात."

"कान धरून नेला मी त्याला परत," आत्या म्हणाली. "सगळ्या गल्लीतून. तेव्हाही सगळ्यांनी बघितलं."

"मास्तर रागावले?"

"नाही. सहा महिने नुसती इस्त्री करायला लावली." बाप उठला. त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकायला लागलं होतं, गिऱ्हाइकाच्या जुन्या कोटातून पोराचा नवा कोट निघेल असं दिसलं की चमकायचं ते. "अगं, शाळा कशासाठी असते? जे येत नाही ते शिकायला! आणि तुला केस कापता येत नाहीत. मुळीच येत नाहीत! अरे, बघा की हिच्याकडे!" त्याने बहिणीचा स्कार्फ ओढून काढला. "असे केस कुणी कापतं का? चार वर्षांचं पोरही कापणार नाही!"

"हळू बोल, मेल्या," आत्या म्हणाली, पण तिलाही हसू आवरेना.

"मग कॉलेज, भाऊजी?" मामाला वाईट वाटलं होतं.

"कॉलेज कुठे पळून जात नाही. तू सात वर्षं होतास तिथे, तरी गेलं का कुठे? हिला पुढे वाटलं तर जाईल, शिकायला म्हणून जाईल. लपायला म्हणून नाही. लपायचं असेल तर या टेबलाखाली पुष्कळ जागा आहे."

आईने सुई काढली. "सव्वाअकरा झालेत," ती म्हणाली.

एवढंच पुरे होतं. बापाने पायात चपला घातल्या त्या दोन्ही पायांत वेगवेगळ्या, आणि ते रस्ता ओलांडल्यावर लक्षात आलं. आत्या पुढे, बाप मध्ये, बटण मागे. दुकानात मामाला बसवलं.

"गिऱ्हाईक आलं तर काय सांगू?" मामा ओरडला.

"सांग, आता तास नाही म्हणून!"

बाराला दहा कमी असताना तिघं ब्यूटी स्कूलच्या ऑफिसात पोचली. आत्या कुणाला न विचारता सरळ आतल्या खोलीत गेली आणि पहिल्याच खुर्चीत जाऊन बसली. टेबलामागच्या कारकून बाईंनी फॉर्म पुढे ओढला. नाव लिहिलं. पत्ता लिहिला. वय लिहिलं. मग पेन थांबलं.

"आधीचा काही अनुभव?"

बापाची छाती आपोआप फुगली. तोंड उघडलं, शब्द जिभेवर आला. त्याने बटणकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं.

"काही नाही," बटण म्हणाली. "काही नाही असं लिहा."

बाईंनी लिहिलं. बापाने वाकून ते नीट वाचलं, बोटाने दाखवलं आणि म्हणाला, "जरा ठळक लिहा ना."